बत्तीस पाहुणे आणि एक नाक

४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल जपून उघड, आत बाटली आहे. हो, वाइनचीच. तुझ्या शिवणकामवाल्या शेजारीणबाईंनी पाहिलीच तर खोकल्याचं औषध म्हणून सांग. पण आधी हे पत्र वाच.

आमच्या आठ टेबलांच्या हॉटेलात येत्या एकोणीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे. आम्हाला वाइन पुरवणाऱ्या बाई (आम्ही त्यांना वाइनबाईच म्हणतो) दर वर्षी एका हॉटेलात एक संध्याकाळ ठरवतात. वाइन एकच, तिच्यासोबत पाच पदार्थ. यंदा त्यांनी आम्हाला निवडलं! वाइन फ्रेंच आहे, पांढरी, अगदी कोरडी, मस्कादे नावाची. बत्तीस जागा होत्या, तीन दिवसांत भरल्या. मी तर दोन दिवस नाचतच होते.

आता खरी गोष्ट. फोन करत नाही, कारण आमच्या घरात भिंती म्हणजे नुसते पडदे, आणि यांना कळता कामा नये. गेल्या महिन्यात यांना ताप आला होता, ते तुला कळवलं होतं. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आत्या, यांना कसलाच वास येत नाही. मला हे परवा कळलं. मी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात गॅसचा भपका. शेगडी विझलेली, नळी सुरू, आणि हे तिथेच शीळ घालत कांदा चिरत उभे! मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि मग जे काही बोलायचं ते बोलले. हे खाली बसले आणि म्हणाले की दोन आठवडे झाले, आठवणीवर रेटतोय. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने मासा परत पाठवला होता तो का, तेही तेव्हा उलगडलं.

डॉक्टर म्हणतात, वास महिन्यात परत येईल, सहा महिन्यांत येईल, किंवा नाहीही येणार. कार्यक्रम रद्द करू म्हटलं तर हे ऐकत नाहीत. वास न येणाऱ्या आचाऱ्याच्या हातचं कोण खाईल, एकदा बोभाटा झाला की वीस वर्षं पाण्यात गेली, असं म्हणतात. माझ्याकडून शपथ घेतलीय कुणालाही न सांगण्याची. तू 'कुणी' नाहीस, आत्या आहेस, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

तू पस्तीस वर्षं शहराचं पाणी हुंगून, चाखून पास-नापास केलंस. अख्ख्या टाकीत काय बिघडलंय ते एका घोटात सांगायचीस. ही वाइन चाख आणि मला सांग, ही आहे तरी काय, आणि हिच्याबरोबर काय वाढावं? मला कळलं तर मी यांच्या मागे उभी राहीन. मला तर नुसती आंबट लागते.

तुझा जीव माझ्यावर आहेच, सध्या थोडा यांच्यावरही असू दे.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बाटली सुखरूप पोचली. शेजारीणबाईंनी पाहिलीच. मी खोकल्याचं औषध म्हटलं, तर त्यांनाही लगेच खोकला आला. तेव्हा दोघींनी मिळून चाखली, आणि तुला सांगते, निवृत्त झाल्यापासून इतकी मजा मला आली नव्हती!

आधी तुझ्यावर रागावून घेते. गॅसची गोष्ट वाचून मी तशीच उठून आधी माझी शेगडी तपासली. आजच्या आज गॅस गळला की ठणाणा करणारं यंत्र बसवून घे. वाइनचं नंतर.

बसवलंस? आता ऐक. आमच्या प्रयोगशाळेत पाणी कोमट करून हुंगायचो, म्हणजे वास लपत नाही. तुझी वाइन कोमट केली तर अगदीच कशीतरी लागली, तेव्हा ती गारच हवी; पण बर्फागार नको, मग जीभच बधिर होते. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवायची. वास साधा आहे: लिंबाची साल, हिरवं सफरचंद, ओला दगड, आणि मागून किंचित ताज्या पावाचा. बाटलीवर लिहिलंय की ती हिवाळाभर गाळावर मुरवलेली आहे. मला हसूच आवरेना. मी जन्मभर गाळाशी भांडले, आणि ही माणसं मुद्दाम यीस्टच्या गाळावर वाइन ठेवतात, आणि त्यानेच तिला तो पावाचा वास येतो!

मग माझ्या डोक्यात आलं की बल्लवाचार्यांना यातलं काहीच कळणार नाही. म्हणून मी कपड्यांचा चिमटा घेतला, नाकाला लावला आणि पुन्हा सगळं चाखलं. शेजारीणबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. पण भिंगरे, नाक बंद करून प्यायल्यावर लिंबू गेलं, सफरचंद गेलं, पाव गेला, तरी ती वाइन संपली नाही! आंबट राहिली, गार राहिली, जिभेला बारीक टोचत राहिली, आणि शेवटी थोडीशी खारट. जिभेवर एक अख्खी वाइन शिल्लक होती.

मग घरात होतं ते एकेक घेऊन बसले. गोड बिस्किटाबरोबर ती इतकी आंबट झाली की तोंड वाकडं झालं. व्हिनेगरमधल्या काकडीबरोबर उलट, पाण्यासारखी मिळमिळीत. मिरचीबरोबर आग. पण पावाला खारं लोणी चोपडून वर एक घोट घेतला, आणि काय सांगू! लोण्याने वाइनचा आंबटपणा उतरवला आणि वाइनने लोण्याचा तेलकटपणा धुऊन काढला. पुन्हा पाव खावासा वाटला, पुन्हा घोट घ्यावासा वाटला. तळलेल्या बटाट्याचंही तसंच. हे सगळं नाकाला चिमटा लावून, बरं का.

तुझ्या लक्षात येतंय का? ही वाइन वासावर नाचणारी नाहीच. मीठ, आंबट, स्निग्ध, गार, कुरकुरीत, एवढ्यावर तिचा खेळ आहे. यातलं एकही तुझ्या नवऱ्याच्या तापाने नेलेलं नाही. त्याची जीभ शाबूत आहे. या एका संध्याकाळपुरता तो इतर कुठल्याही आचाऱ्याच्या तोडीचा आहे. उलट जास्तच, कारण इतरांचं नाक मध्ये मध्ये लुडबुडतं.

त्याला सांग. मला कळलं तेही सांग. शपथ मोडल्याचं पाप मी माझ्या नावावर घेते.

माया कमी पडली तर कळवणे, इथे साठा भरपूर आहे.

तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी सांगायच्या आधीच त्यांनी तुझं पत्र वाचलं. टेबलावर राहिलं होतं, चूक माझी. दिवसभर भांडी एवढ्या जोरात ठेवत होते की गल्लीला कळलं असेल. रात्रीचं जेवणही आम्ही दोन वेगळ्या टेबलांवर केलं, आणि टेबलांची आमच्याकडे कमी नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर हे ओट्याशी उभे. समोर खारं लोणी, पाव, उकडलेलं अंडं, तळलेले बटाटे, लिंबाची फोड, चीजचे चार तुकडे आणि वाइनचा ग्लास. सकाळी साडेनऊला! एक घास, एक घोट, आणि तुझ्याच पत्राच्या मागे पेन्सिलीने खुणा. मला बघून म्हणाले की तुझी आत्या वेडी आहे आणि बरोबर आहे. मग म्हणाले की चिमट्याची गरज नसलेला मीच एकटा नशीबवान. महिन्यात पहिल्यांदा हसले, आत्या. मला तिथेच रडू आलं, तर म्हणाले की अश्रू खारट असतात, वाइनबरोबर चालतील.

तेव्हापासून घरात नुसती धमाल आहे. पाच पदार्थ ठरले, बघ: पहिली गार कालवं, म्हणजे ऑयस्टर, कच्ची आणि नुसती, कारण ती स्वतःच खारट आणि वाइन म्हणजे त्यावर पिळलेलं लिंबू. मग बोटाएवढे छोटे मासे, कुरकुरीत तळून, वर जाडं मीठ. तिसरे काळे शिंपले, याच वाइनमध्ये उकडलेले. चौथा मोठा मासा, लोणी लाल करून त्यात परतलेला. आणि शेवटी बकरीच्या दुधाचं चीज, ताजं, जिभेला थोडं आंबट, जाड पावाबरोबर. प्रत्येक पदार्थ ते डोळे मिटून खातात आणि म्हणतात की मीठ दोन चिमट्या कमी, किंवा अजून कुरकुरीत हवं. आधी कधी इतकं बारकाईने चाखत नव्हते.

दोन अडचणी आहेत. वाइनबाईंना शेवटी याच वाइनबरोबर लिंबाची गोड टार्ट हवी आहे. मी तुझ्या गोड बिस्किटाचा अनुभव सांगितला, पण त्या म्हणाल्या की आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

दुसरी अडचण मोठी. जीभ चव सांगेल, पण शिंपला नासलाय का, मासा उतरलाय का, ते जीभ सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. मी बाहेर पाहुण्यांकडे असणार. आत नाक कुणाचं? ते तोंडाने म्हणत नाहीत, पण काल दोनदा विचारलं की तुझी आत्या इकडे यायच्या बोटीत बसली की तिला मळमळतं का.

तू येशील या आशेवर पत्र संपवते, लोभ प्रत्यक्षच घेऊन ये.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मळमळत नाही. सतरा तारखेच्या दुपारच्या बोटीने येते. जावईबापूंना सांग, मला स्वयंपाकघरात एक उंच स्टूल, एक ऍप्रन आणि एक अधिकार हवा: मी नको म्हटलं की ते फेकायचं. का, कशाला, किती महाग, काही विचारायचं नाही. पाणीखात्यात माझ्या एका शब्दावर टाकीचा व्हॉल्व्ह बंद व्हायचा. तो रुबाब मला अजून झोपेत आठवतो.

टार्ट हवी तर ठेवा, पण सोबत ही वाइन नको, कॉफी द्या. वाइनबाईंना माझं नाव सांगू नकोस, एका हातात टार्ट आणि एका हातात ग्लास दे आणि लांब उभी राहा. चेहरा बघितलास की पुढचं बोलायची गरज पडणार नाही.

मी येईपर्यंत वाइनच्या बाटल्या आडव्या, अंधारात आणि तुझ्यापासून लांब असाव्यात.

जास्त काय लिहू, सामान बांधायचंय.

तुझी आत्या


२१ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. केसांना अजून तळलेल्या माशाचा वास आहे आणि मी मुद्दाम धुतलेले नाहीत. काल धक्क्यावर निरोप घेताना तू माझ्याशी आणि मी तुझ्याशी एकदमच बोलत होतो, त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. म्हणून आत काय झालं ते मी लिहिते, बाहेर काय झालं ते तू लिही.

तू टेबलांवर ग्लास मांडत होतीस तेव्हा शिंपल्यांच्या चार पेट्या आल्या. तीन छान, समुद्राच्या. चौथीचं झाकण उघडलं आणि मला तळ्याच्या तळाचा वास आला, अगदी पुसट. शिंपले दिसायला चकचकीत होते. जावईबापूंनी एक उचलून टिचकी मारली, तो मिटला, म्हणजे जिवंत. दुसराही मिटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नको. भिंगरे, मला वाटलं होतं वाद होईल. पाहुणे यायला तासभर, आणि पाव हिस्सा माल मी नापास केलेला. त्यांनी पेटी उचलली आणि मागच्या दाराबाहेर नेऊन ठेवली. परत आले, हात धुतले, आणि म्हणाले की शिंपले कमी म्हणजे बटाटे जास्त. मग सुरीने बटाट्याच्या अशा काड्या पाडल्या की मी बघतच राहिले. शिंपल्यांच्या वाडग्यात तळलेल्या बटाट्यांचा डोंगर गेला तो यामुळे. तू मला विचारत होतीस ना, हा बेत कधी बदलला?

मग मोठा मासा. लोणी तापवून लाल करायचं, पण काळं होऊ द्यायचं नाही. ती वेळ ते वासावर पकडायचे. आता मी स्टुलावर बसून तव्याकडे नाक करून. भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास आला की मी 'आता' म्हणायचं आणि त्यांनी मासा सोडायचा. आठ तवे, आठ वेळा 'आता'. पहिल्यांदा मी हळूच म्हटलं. आठव्यांदा मी असं ओरडले की ताटं नेणारी मुलगी दचकली. ते म्हणाले, आत्या, आता तुम्हाला नोकरीवरच ठेवतो. मी म्हटलं की माझं पेन्शन बंद करायचा विचार आहे का तुमचा?

त्यानंतरचं मला कळलं नाही. ते हात पुसत बाहेर गेले. धूर ओढणारा पंखा डोक्यावर घरघरत होता, मला दारातून फक्त त्यांची पाठ दिसत होती. ते बराच वेळ बोलले. मग एकाएकी वळून माझ्याकडे हात केला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, शेगडीचं विचारतायत. म्हणून मी ओरडून सांगितलं की गॅस बंद केलाय! तर सगळं हॉटेल हसायला लागलं, आणि थोड्या वेळाने टाळ्या. मी पदराला हात पुसत तशीच उभी. ते काय बोलले, सविस्तर लिही. तेही आत येऊन सांगेनात, नुसते पाया पडले.

उत्तराची वाट बघते, आणि या वेळी पान भरून येऊ दे.

तुझी आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लिहिते, पण वाचताना खाली बस.

आधी वाइनबाई. मी तुझा प्रयोग केला. टार्टचा घास, ग्लासाचा घोट, आणि त्यांचे डोळे असे बारीक झाले की मला आतल्या खोलीत पळून जावं लागलं. दोन मिनिटांनी त्या स्वतःच म्हणाल्या की टार्टबरोबर कॉफी द्यावी, ही त्यांना आत्ताच सुचलेली कल्पना आहे. मी म्हटलं, वा!

कालवांपासूनच बाहेर रंग भरला होता. बंदरात जहाजं आत आणणारे ते म्हातारे पायलट होते ना, खिडकीजवळ, त्यांनी छोटे मासे तीनदा मागितले. आणि मोठा मासा आला तेव्हा हॉलभर नुसता काट्यांचाच आवाज. मग वाइनबाई ग्लास घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या की बारा वर्षं असे कार्यक्रम करतेय, पण पदार्थ आणि वाइन इतके एकमेकांचे झालेले मी पाहिले नाहीत. मग आचाऱ्यांना बाहेर बोलवा म्हणाल्या, आणि हे आले तेव्हा म्हणाल्या की सगळी किमया यांच्या नाकाची आहे.

आत्या, हे नुसतं हसून मान डोलावू शकले असते. मी डोळ्यांनी तेच सांगत होते. पण हे म्हणाले की महिना होत आला, माझं नाक बंद आहे. आज तुम्ही जे खाल्लंत त्यातल्या एकाही पदार्थाचा वास मला आलेला नाही. मी जिभेवर शिजवलं, मीठ, आंबट, लोणी आणि कुरकुर एवढंच धरून. हे लपवायचं ठरवलं होतं, पण एवढं मन लावून जेवणाऱ्या माणसांशी खोटं बोलवत नाही. ज्यांना उठायचं असेल त्यांनी खुशाल उठावं. मग म्हणाले की वासाची काळजी करू नका, आत एक नाक आहे ज्याने पस्तीस वर्षं एका अख्ख्या शहराला वाईट पाणी पिऊ दिलं नाही. त्या नको म्हणाल्या ते मी न विचारता फेकलं. मी आज जो उभा आहे तो त्यांच्यामुळे. आणि तुझ्याकडे हात केला. तेव्हा तू गॅसचं ओरडलीस.

सगळेच हसले नाहीत, खरं सांगते. कोपऱ्यातलं एक जोडपं काटे ठेवून उठलं आणि नमस्कार करून निघून गेलं. हे त्यांना दारापर्यंत पोचवून आले. तेवढ्यात पायलटकाका मोठ्याने म्हणाले की त्यांना वीस वर्षं डाव्या कानाने ऐकू येत नाही, तरी एकही जहाज खडकावर घातलं नाही, आणि त्या जोडप्याचा मासा उरला असेल तर तो इकडे पाठवा. मग टाळ्या. तुझ्यासाठी, आत्या. सगळ्यांनी ग्लास तुझ्याकडे उंचावले होते, आणि तू त्यांना बंद शेगडी दाखवत होतीस!

रात्री सगळं आवरल्यावर आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून उरलेली वाइन प्यायलो. मला आता ती आंबट लागत नाही.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि यांचं पत्र येईल त्याची वाट बघ. चार दिवस लिहून खोडताहेत.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

ती. आत्याबाईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही. याद्या लिहिता येतात. तरी प्रयत्न करतो.

नाक अजून बंदच आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी लिंबू, कॉफी, लवंग आणि साबण हुंगतो. काही नाही. आधी याची भीती वाटायची, आता रोजची हजेरी वाटते. येईल तेव्हा येईल.

त्या संध्याकाळनंतर मला वाटलं होतं हॉटेल ओस पडेल. एक आठवडा दोन टेबलं रिकामी राहिली, हे खरं आहे. मग लोक यायला लागले, आणि येऊन 'ती वाइन आणि ते लोणीवाले मासे' मागतात. काही जण तर मुद्दाम नाक दाबून खाऊन बघतात आणि टेबलावर हशा पिकतो. वाइनबाईंनी मे महिन्यात आणखी एक संध्याकाळ ठरवली आहे. वाइन हीच असावी असा माझा हट्ट होता, तो त्यांनी मानला. जागा आताच भरल्या आहेत!

त्यासाठी एक नवीन सूप केलंय. शिंपले उकडलेलं पाणी, लोण्यात मंद परतलेला कांदा, शेवटी वाइन आणि थोडी साय. तीस वेळा तरी करून पाहिलं असेल. जिभेवर ते आता अगदी नेमकं आहे, आत्याबाई, एक दाणा मीठ इकडे नाही की तिकडे नाही. असा पदार्थ नाक चालू असताना माझ्याकडून झाला नव्हता, हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हाला सांगतो.

तुम्ही दर गुरुवारी यावं अशी विनंती आहे. त्या दिवशी माल येतो. स्टूल तिथेच आहे, त्यावर आम्ही कुणाला बसू देत नाही. पेन्शनला धक्का लागणार नाही, दोन वेळचं जेवण आणि बोटीचं तिकीट एवढंच देऊ शकतो, आणि फेकायचा अधिकार पूर्ण.

आणखी एक. ते सूप उकळायला लागलं की रस्त्याने जाणारी माणसं दाराशी थांबतात. मी खिडकीतून बघतो. डोळे मिटून श्वास घेतात आणि आत येतात. मी त्यांना विचारतो, कसला वास येतोय? छान येतोय म्हणतात, भूक लागली म्हणतात, लहानपणचं काहीतरी आठवलं म्हणतात. पण नेमका कसला, ते एकालाही सांगता आलेलं नाही. तुमच्या भाचीलाही नाही.

मी काय शिजवलंय ते मला सांगायला या.

तुमचा भाचेजावई